घड्याळजींच्या छातीतली टिकटिक

मी एक जुनी धातूची झडप आहे. सध्या माझा मुक्काम प्रयोगशाळेतल्या फळीवर, एका बरणीत. पण मित्रांनो, माझा उमेदीचा काळ एका माणसाच्या हृदयात गेला. त्यांची मूळची झडप कामातून गेली, म्हणून डॉक्टरांनी तिच्या जागी मला शिवले. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे फिरू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. मिटताना माझा टिकटिक आवाज होई.

नशीब बघा, मालक निघाले घड्याळजी! दुकानातल्या पन्नास घड्याळांत माझी भर. गिऱ्हाईक विचारी, "हे कुठलं वाजतंय?" मालक छातीवर हात ठेवून म्हणत, "हे विकायचं नाही." मी फुशारून जाई. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तर माझ्या आवाजाशिवाय झोप लागत नसे.

सहा वर्षांनी रक्तातून बुरशी आली. शिळ्या पावावर धरते ना, तिचीच कुणी चुलत बहीण. असा पाहुणा क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो, तो माझ्या आला. एकदा बूड टेकले ते हलेना. मालकांना ताप भरू लागला. जंतूंवरच्या गोळ्या झाल्या, बुरशी त्यांना भीक घालीना.

पहिल्यांदा ओळखले काकूंच्या कानांनी. "अहो, तुमची टिकटिक बसल्यासारखी येतेय."

मालकांनी नाडी धरून मिनिटभर मोजले. "एकही ठोका मागेपुढे नाही. घड्याळजी मी आहे की तू?"

वेळ बरोबर तर घड्याळ ठणठणीत, हा दुकानातला नियम त्यांनी मला लावला. मी आत गुदमरत होते. ओरडावे तर आवाजच बसलेला!

त्यानंतर चौथ्या दिवशी मालकांना जिना चढवेना. मी पुरती घाबरले, कारण मी अडले की तेही संपले. काकूंनी त्यांना दंडाला धरून इस्पितळात नेले. तिथे तपासणीसाठी रक्त ठेवलेल्या काचेच्या बशीत बुरशी उगवली, तर तपासनीस म्हणाला, "हवेतली पडली असेल," आणि बशी फेकायला निघाला. शेजारच्या टेबलावर तपासणी करणाऱ्या बाईंनी त्याचा हात धरला. "कालच्या बशीतही हीच होती. हवा काय रोज याच माणसाच्या बशीत येते?"

मग धावपळ झाली. मी बाहेर, नवी झडप आत, आणि बुरशीचे औषध सुरू.

परवा दोघे मला बघायला आले. मालकांनी सवयीने बरणीला कान लावला. माझा कसला आवाज येणार? त्यांच्या छातीतून मात्र नवी टिकटिक खणखणीत येत होती. मला हेवा वाटला, पण त्याहून बरे वाटले.

काकू म्हणाल्या, "तिचं ऐकून झालं असेल तर आता माझं ऐका. औषधाची वेळ झाली."

घड्याळजी मनगटाकडे न बघता उठले. मित्रांनो, घरचे माणूस "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणाले, तर तुम्हीही मोजत बसू नका, असेच उठा.