सरकार शिडीवर चढल्या

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर इतके रंग सांडले आहेत की माझा मूळचा रंग मलाच आठवत नाही. पण त्याचे मला वाईट वाटत नाही. हे रंग ज्यांच्या हातून सांडले, त्या बाईंची गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगते.

एका सुताराने मला घडवले आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनी मला घरी आणले. माणूस मोठा बोलका. बायकोला ते थट्टेने ‘सरकार’ म्हणायचे. सरकार घर सांभाळायच्या, दोन लहान मुलांच्या मागे धावायच्या आणि दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या. ते जेवेपर्यंत त्या भिंतीवरची ओली अक्षरे बघत उभ्या राहायच्या.

एकदा शाळेच्या भिंतीवर नाव लिहिताना पेंटरचा पाय घसरला. कमरेचे हाड मोडले. डॉक्टरांनी साफ सांगितले, “काठी घेऊन चालाल, पण शिडीचं नाव काढायचं नाही.”

ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मुलांनी हाक मारली तरी नुसता हुंकार. सरकार मात्र रोज त्यांचे ब्रश धुऊन पुसून ठेवायच्या. ते कडक होऊ द्यायचे नव्हते त्यांना.

एके दिवशी मुख्याध्यापक दारात आले. “भिंत अर्धी राहिली आहे. दुसरा माणूस बघू का?”

“कशाला? उद्या येतो आम्ही,” सरकार म्हणाल्या.

मुख्याध्यापक गेले तसे पेंटर कोपरावर भार देऊन उठले. “आम्ही म्हणजे कोण?”

“मी चढते. तुम्ही खाली बसून सांगा.”

“वेड लागलंय का तुला? पडलीस तर?”

“कडेवर पोर आणि हातात बादली घेऊन जिने चढलेय मी. नुसता ब्रश धरून चढायला काय होतंय?”

दुसऱ्या दिवशी बघ्यांची ही गर्दी! समोरचा दुकानदार हसला, “घ्या, आता बायका भिंतीवर चढणार!”

“का हो, भिंत तुमच्या नावावर आहे?” असे म्हणत सरकारांनी माझ्यावर पाय ठेवला. त्यांनी मला फार गच्च धरले होते. पण ते फक्त मला कळले.

खाली खुर्चीवर बसलेले पेंटर सुरुवातीला नुसते बघत होते. मग राहवेना. “अगं, ब्रश एवढा घट्ट नको धरूस! हं, आता घे वळण.” शेवटी ‘शाळा’ हा शब्द पुरा झाला. पेंटरनी मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाले, “सरकार, तुमच्या ‘ळ’चं पोट सुटलंय!”

“तुमच्यावर गेलाय!” वरून उत्तर आले.

पेंटर खो खो हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच. सरकारांनी तोंड भिंतीकडे वळवले आणि बाहीने डोळे पुसले.

त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही तिघांनी मिळून काम केले. बेकरी, वाचनालय, दवाखाना, सगळीकडे सरकारांची अक्षरे झळकली. मुले माझ्या पायाशी बसून अभ्यास करायची.

मुलगी मोठी झाली तशी लाजू लागली. “आई, माझ्या शाळेच्या रस्त्यावर काम घेऊ नकोस ना,” ती म्हणाली. पण काम तर घेतलेले होते. दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून पलीकडून निघाली, तोच सरकारांनी हाक मारली, “अगं, तिथून ओळ सरळ दिसते का? मला इथून काही कळत नाही.”

मुलगी थबकली. “डावीकडे उतरतेय.”

सरकारांनी ती ओळ मुकाट्याने पुसली आणि पुन्हा लिहिली. मग मुलगी रोज थांबू लागली, मैत्रिणींना घेऊन.

पुढे छापील पाट्या आल्या. मी कोठीच्या खोलीत गेले. पेंटर गेले, आणि या वर्षी सरकारही गेल्या. ओळखीचे लोक घरी जमले. त्यांत दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, “खोल्यांच्या आत भिंतीवर सूचना लिहायच्या आधी बाई प्रत्येक खाटेवर स्वतः झोपून बघायच्या. पडल्यापडल्या पेशंटला वाचता आलं पाहिजे, म्हणायच्या. ‘आमच्या यजमानांना बोलतं करायला मी रंग हातात घेतला,’ असं मला एकदा सांगितलं होतं त्यांनी.”

मुलगा चकित झाला. “आई आम्हाला हे कधी बोलली नाही.”

“आपण विचारलं कधी?” बहीण हळूच म्हणाली.

मित्रांनो, मला स्वच्छ पुसून मुलीने आपल्या घरी नेले आहे. माझे उत्तम चालले आहे, माझी काळजी नको. तुम्ही एवढेच करा. आज घरी गेलात की आईजवळ बसा आणि तिला विचारा, “आई, आम्ही लहान होतो तेव्हा तू काय काय केलंस?” ती म्हणेल, “काही नाही रे, त्यात काय सांगायचं!”

तेव्हा उठू नका.