जुळ्यांचा विमा

सलूनमध्ये खुर्च्या दोन, आरसे दोन आणि न्हावी म्हणजे दोन जुळे भाऊ. नवं गिऱ्हाईक आत आलं, की त्याला एकदम चार न्हावी दिसत आणि ते चष्मा पुसायला लागे. काही मिनिटं आधी जन्मल्यामुळे थोरल्याला ‘दादा’ हा मान मिळाला होता. त्यापलीकडे त्या घाईचा फायदा झाला नव्हता.

एका प्रयोगशाळेनं जनुकांची तपासणी फुकट ठेवली, तेव्हा थोरला उत्साहानं नळीत थुंकून आला. अहवालात निघाला मेंदूचा आजार. आज नाही, पण पन्नाशीच्या आत येणारच, आणि सुरुवात हात कापण्यापासून. वस्तरा धरणाऱ्याला नेमका हाच. आला असणार वडिलांकडून, पण ते ऐन तारुण्यात शिडीवरून पडून गेले. आजारी पडायला त्यांना सवडच मिळाली नाही.

विमेवाल्यानं त्याचा आयुर्विम्याचा अर्ज हसतमुखानं परत केला.

“पण मी ठणठणीत आहे,” थोरला म्हणाला.

“कंपनीचंही तेच मत आहे. तुम्हाला पुढचं माहितीये, एवढीच अडचण.”

“माहिती नसतं तर?”

“तर आत्ता सह्या करून चहा घेत बसलो असतो. तुमच्या भावाला काही बोलला नाहीत ना? मग मीही काही ऐकलेलं नाही.”

धाकट्याचा अर्ज मंजुरीला गेला होता. रक्त तेच, नाक तेच. फक्त तो थुंकला नव्हता. कळलं असतं तर त्यालाही ते अर्जात लिहावं लागलं असतं आणि त्याच्या लेकी उघड्यावर पडल्या असत्या. थोरल्यानं तोंडाला कुलूप घातलं.

“दादा, तुला का रे नाकारलं?” गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावत धाकट्यानं विचारलं.

“वजन.”

“काल माझीच पँट घालून फिरत होतास.”

“घट्ट होत होती.”

चार दिवसांनी धाकटा शीळ घालतच दुकानात आला. थोरला एकाची दाढी करत होता.

“वजन म्हणे. तुझ्या खणात प्रयोगशाळेची पिशवी सापडली मला, अहवालासकट. अहवालात चूक झालीये त्यांची, दुसरं काय? म्हणून मीही थुंकून आलो. आपलं रक्त एकच. माझा अहवाल स्वच्छ आला, की तोच विमेवाल्याच्या तोंडावर मारू.”

“आणि तुझा अर्ज?”

“थांबवला. कंपनीला कळवून टाकलं, तपासणी केलीये, निकाल बघा आणि मग दोघांचं एकदमच करा. आभार मानत बसू नकोस, दादा.”

थोरल्यानं गिऱ्हाइकाचा गाल ताणून धरला. वस्तरा सरळ रेषेत खाली आला. हात जराही हलला नाही.

गिऱ्हाईक आरशात दोघांकडे बघत होतं. “तुमच्यातला थोरला कोण हो?”

“आता काही फरक पडत नाही,” थोरला म्हणाला आणि त्यानं दुसरा गाल घेतला.