मोठ्या सरांच्या हाताला कंठ फुटला

मोठ्या सरांच्या उजव्या हाताची ख्याती अशी, की आसपास कुठे गाय अडली तर लोक 'डॉक्टरांना बोलवा' म्हणत नसत, 'हात बोलवा' म्हणत. पशुवैद्यक विद्यापीठाच्या कॉलेजात सरांनी चाळीस वर्षं काढली आणि हजारभर वासरं त्या हाताने जगात आणली. वासराला वाटत असेल, जग म्हणजे हा हातच.

पण शिकवायचे कसे? विचारूच नका! गाईमागे उभं राहायचं, बाही खांद्यापर्यंत सारायची, हात आत घालायचा, डोळे मिटायचे आणि 'हं... हं... हां!' एवढं व्याख्यान देऊन वासरू बाहेर. मागे विद्यार्थी टाचा उंचावून उभे. कुणी विचारलं, "सर, आत नेमकं काय केलंत?" तर उत्तर ठरलेलं, "हात घातलास की कळेल." अहो, पण हात घालायला गाय नको का? पूर्वी विद्यापीठाच्या गोठ्यात शंभर गाई होत्या. आता उरल्या अकरा आणि शेवटच्या वर्षाला विद्यार्थी बत्तीस.

त्यात सरांचा खांदा आखडला. शर्ट चढवायलासुद्धा बायकोला हाक मारायची पाळी आली. डॉक्टरांनी सांगितलं, या हाताला आता जोर लावायचा नाही. निवृत्तीला चार महिने उरलेले. सरांनी ठरवलं, कॉलेजात कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही.

बायको मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. "अहो, हात वर होत नाही, तोंड तेवढं वर आहे. त्या पोरांना सांगून टाका की."

"काय सांगू? हात गेला म्हणून?"

"हात गेल्याचं नाही हो. हातात जे आहे ते सांगा."

सरांनी विषय बदलला. कारण खरं दुखणं खांद्यात नव्हतंच. आपण गेलो की या बत्तिसांपैकी एकालाही अडलेली गाय सोडवता येणार नाही, उद्या ही पोरं गावोगावी जातील, लोक विश्वासाने गाय पुढे करतील आणि यांना काही म्हणजे काही येणार नाही, हे त्यांना रोज पहाटे जाग आली की आठवायचं.

अशात नव्या मॅडम कॉलेजात रुजू झाल्या. नव्या म्हणजे सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी पहिल्याच महिन्यात ताडपत्री शिवणाऱ्याला गाठून लाकडी सांगाड्यावर जाड कापडाची गाय उभी केली. पोटात वाळू आणि चिंध्या भरलेलं, साबणाच्या पाण्याने निसरडं केलेलं कापडी वासरू. गाईच्या एका कुशीला झडप. ती उघडली की आतला हात बाहेरून दिसायचा. मॅडम म्हणाल्या, "सर, यात हात घाला. मी बघते आणि विचारते."

"कापडाच्या गाईत हात घालायला मी काय खुळा आहे?" सर उखडले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, शेवटच्या वर्षी मी वर्षभर तुमच्या मागे उभी होते. तुमच्या शर्टाची पाठीवरची शिवण मला आजही आठवते. डिग्री घेऊन गेले आणि पहिलीच गाय अडलेली. हात आत घातला, काहीच कळेना. गाय गेली, वासरूही गेलं. घरधनी मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सर मुकाट्याने आले. बघतात तर कापडी गाय चांगली हातभर खाली उतरवलेली आणि मागे बसायला स्टूल. हात वर उचलायची गरजच नाही! खांद्याबद्दल मॅडम चकार शब्द बोलल्या नाहीत. बाई हुशार, आणि त्याहून जास्त भली. सरांनी मनातल्या मनात हात जोडले.

मग सुरू झाला छळ. मॅडम झडपेपाशी वही घेऊन बसायच्या.

"सर, आता करंगळी का वाकवलीत?"

"मी? मी कुठे वाकवली?"

"वाकवलीत. तीनदा."

"अहो, वाकली असेल तिची ती!"

"तिची ती कशी वाकेल? परत करा बघू."

सर घरी येऊन चिडचिड करायचे. "चाळीस वर्षं जेवतोय मी, आता ही बाई विचारते घास कसा गिळता!" पण रोज जायचे. हळूहळू त्यांना उमगायला लागलं, की आपला हात आपल्याला न विचारता कितीतरी गोष्टी करतो. खुराच्या वरचे दोन सांधे चाचपतो, दोन्ही एकाच बाजूला वाकले तर पाय पुढचा, उलटसुलट वाकले तर मागचा. कळ आली की थांबतो, कळ ओसरली की पुढे सरकतो. यातलं एक अक्षर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हातचं राखून ठेवलं म्हणावं, तर तसंही नव्हतं; त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांत मॅडमची वही भरली.

त्या वहीवरून विद्यार्थ्यांचा सराव चालायचा. एकाने डोळे बांधून हात आत घालायचा आणि लागेल ते मोठ्याने बोलायचं. दुसऱ्याने नुसतं ऐकून टेबलावर दुसरं कापडी वासरू तसंच ठेवायचं. मग झडप उघडून दोन्ही ताडून पाहायची. पहिल्या आठवड्यात टेबलावर अशी काही वासरं अवतरली, की सर म्हणाले, "हे वासरू आहे का धुण्याचं गाठोडं?" पोरं हसून लोळली. पण महिन्याभरात गाठोड्यांना पाय फुटले, मान फुटली.

सगळ्यात मागे होती चिमटी. मुलगी अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. सर तिला चिडवायचे, "तू हात घातलास तर गाईला पत्ता लागायचा नाही गं!" ती काही बोलायची नाही, फक्त सगळे गेल्यावर अर्धा तास जास्त थांबायची.

आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गोठेवाला धावत आला. "सर, चला लवकर! पहिलटकरीण गाय दोन तास कळा देतेय आणि पुढे काही सरकत नाही."

मॅडम त्या दिवशी कापडी गाय टेम्पोत घालून दुसऱ्या कॉलेजात दाखवायला गेलेल्या. गोठ्यात बत्तीसच्या बत्तीस विद्यार्थी जमले आणि सगळ्यांची नजर सरांच्या हातावर. सरांनी सवयीने बाही सारली. हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. सगळ्यांनी पाहिलं.

"हा हात गेलाय रे," सर म्हणाले. "तीन महिने लपवतोय. आता याचा उपयोग नाही." मग त्यांनी गाईकडे नीट पाहिलं. अंगाने लहान, वाट अरुंद. "चिमटे, पुढे ये. इथे तुझाच हात चालेल."

चिमटी पुढे आली. हात धुतले, हातावर साबण घेतला आणि हात आत घातला.

"बोल, काय लागतंय?"

"दोन खूर आहेत सर. सांधे... एकाच बाजूला वाकतात. दोन्ही पाय पुढचे. त्यांच्यावर नाक. जीभ हलतेय! जिवंत आहे!"

सरांचा जीव भांड्यात पडला. "झक्कास! सरळ आहे की. लाव दोऱ्या दोन्ही पायांना, कळ आली की ओढू."

चिमटी हलली नाही.

"अगं लाव ना! गाय दमली."

"थांबा सर."

"थांबा काय? दोन पाय आणि डोकं! आणखी काय हवंय तुला?"

"सर, उजव्या पायावरून वर गेले तर खांदा लागतो, मग मान, मग हेच डोकं. डाव्यावरून वर गेले तर..." ती डोळे मिटून थांबली. कळ आली, तिचा हात आवळला गेला, ओठ दातांखाली गेला, पण तिने हात काढला नाही. कळ ओसरली. "डावा पाय या डोक्याचा नाही, सर. आत दोन वासरं आहेत."

सर गार पडले. आता ओढलं असतं तर दोन्ही वासरं एकदमच वाटेत अडकली असती. मग वासरं गेली असती आणि गाईचंही काही खरं नव्हतं. आणि ओढायला सांगत होते कोण? खुद्द मोठे सर!

"पायावरून खांद्यापर्यंत जायचं, हे तुला कुणी सांगितलं? मी तर कधीच सांगितलं नाही."

"मॅडमच्या वहीत आहे सर. पहिल्याच पानावर. तुमचा हात दर वेळी जातो म्हणे तिथे."

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायला जावं तर हात वर होईना. डाव्या हाताने पुसलं आणि गाईच्या मानेशी जाऊन उभे राहिले.

"सर, आता पुढे काय करू?"

"तूच सांग," सर म्हणाले. "मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. चुकलीस तर मी आहे. पण तू चुकणार नाहीस."

चिमटीने मोठा श्वास घेतला. "हा पाय दुसऱ्याचा. कळ संपली की मागे ढकलते... गेला. आता पहिल्याचा डावा पाय शोधते. गुडघ्यात दुमडलाय. खूर मुठीत धरते, नाहीतर गर्भपिशवी फाटेल... आला, सर, पुढे आला! आता दोऱ्या द्या."

पहिली कालवड बाहेर आली तेव्हा पोरांनी असा गलका केला, की शेजारच्या इमारतीतून लोक खिडक्यांत आले. चिमटीने मागे वळूनही पाहिलं नाही. हात पुन्हा आत घालून ती दुसऱ्या वासराबद्दल बोलू लागली: मान कुशीकडे वळलेली, जबडा कुठे धरायचा, किती थांबायचं. एकतीस जण कान टवकारून ऐकत होते. आणि गाईच्या मानेवर डावा हात ठेवून, डोळे मिटून मोठे सरही ऐकत होते. वासरू कसं काढतात, हे चाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच शिकत होते.