पेल्यातून ऐकलेली प्रार्थना

मी कवळी बोलतेय. वरची आणि खालची मिळून एकच. आमच्यात भेद करू नका. सध्या कुणाच्या तोंडात नसताना बोलतेय, तेव्हा शब्द जरा ओले लागतील, चालवून घ्या.

माझा जन्म बाजारच्या गावी, दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत झाला. आजी तेव्हा बासष्ट वर्षांची होती. मला तोंडात बसवल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, हे घालून देवाशी बोललेलं चालतं का? डॉक्टर गोंधळला. आठवडाभर मऊ खा, एवढंच म्हणाला.

घरी पोचेपर्यंत आजीने निकाल लावला होता. देवाने दिलेले दात त्यानेच एकेक करून परत नेले. आता त्याच्यासमोर विकतचे मिरवायचे म्हणजे दात दाखवून अवलक्षण. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी स्टीलच्या पेल्यात आणि ती पाठमोरी कोपऱ्यात प्रार्थनेला. माणसांसमोर मात्र माझ्याशिवाय ती कधी आली नाही. आजारपणातही नाही. मोठ्या सुनेने एकतीस वर्षांत तिचं बोळकं पाहिलं नव्हतं.

त्या बिनदातांच्या प्रार्थनेतलं अक्षर कुणाला कळत नसे. आई एक फार जुनी, पवित्र भाषा बोलते, असं मुलगा पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा. एकाने तर दोन शब्द वहीत उतरवून नेले. डोंबलाची पवित्र भाषा! मी पेल्यातून सगळं ऐकत होते. देवा, वासराचं पोट बिघडलंय. मुलगा फार घोरतो, त्याचं बघ. सुनेची कंबर धरलीय, ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आणि रोज न चुकता शेजारीण. एका कोंबडीवरून दोघींचं वीस वर्षं वाकडं होतं. सकाळी आजी आणि मी मिळून, दात-ओठ खाऊन, कुंपणावरून तिचा उद्धार करायचो. संध्याकाळी आजी देवाला म्हणायची, "तिच्या गुडघ्यांचं काहीतरी कर बाबा. आज कुंपणापर्यंत आलीच नाही. मी भांडू कुणाशी?"

शेवटचं वाक्य ठरलेलं असे. "पाठवलंस तशीच येईन, बिनदातांची. नाहीतर तू ओळखायचा नाहीस."

त्र्याण्णवाव्या वर्षी, एका सकाळी, ती त्या कोपऱ्यातच गेली. प्रार्थना लांबलीय असं समजून घरचे तासभर दबक्या पावलांनी वावरले. पेल्यात मी एकटीच जागी होते. मला कळलं होतं, पण सांगणार कशी?

मग मोठी सून डोळे पुसत आली. "आईंना असं कुणी पाहिलेलं नाही," म्हणाली आणि मला पुसून हळूच जागेवर बसवलं. खरं सांगते, मला आनंद झाला. आता शेवटपर्यंत सोबत! लोक येत होते, आजी किती छान दिसतेय म्हणत होते. मीही ऐटीत होते.

आणि मग ते शेवटचं वाक्य आठवलं. माझी ऐट उतरली. ही तिकडे माझ्यासकट पोचणार, आणि तो म्हणणार, या बाई कोण?

उचलायची वेळ झाली. शेजारीण गुडघे धरत धरत आली, वाकली आणि आजीच्या हनुवटीला हात लावला. एकतीस वर्षं मी एकच काम केलं होतं, धरून ठेवायचं. त्या क्षणी सोडलं. वरची, खालची, आम्ही दोघी थेट तिच्या तळहातावर उतरलो, आणि खोटं कशाला बोलू, करंगळीला जरा लागलोच.

"चावली मला! मेल्यावरही चावली!" शेजारीण ओरडली आणि तिथेच फतकल मारून हसायला लागली. हसता हसता हुंदके द्यायला लागली. मुलगा मला परत बसवायला पुढे झाला. सुनेने त्याचा हात धरला. आजीच्या मिटल्या बोळक्याकडे ती बराच वेळ पाहत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "देवापुढे त्यांना नको असतील."

आजी गेली, पाठवली होती तशीच.

मी अजून फळीवर, त्याच पेल्यात आहे. सून रोज पाणी बदलते. हल्ली तिच्या दाढा हलायला लागल्यात, आणि काल तिने मला उजेडात धरून बराच वेळ निरखलं. बाई गं, तू गुणाची आहेस, पण तो विचार सोड. माझं माप आजीच्या तोंडाचं आहे.