कसं जमलं ते लिहा

पन्नाशी उलटली तरी शिवणाच्या दुकानात तिला सगळे धाकटीच म्हणत. दुकान दोघा भावंडांचं. गिऱ्हाईक दादा सांभाळी आणि कटिंग हिचं. तीस वर्षांचे पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, तिनं एका जुन्या संगणकात साठवले होते. तो मान टाकू लागला, तेव्हा भाचीनं त्यात लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी मुक्त प्रणाली बसवून दिली आणि ती आपल्या कामाला निघून गेली. संगणक तरतरीत झाला खरा, पण छापलेला प्रत्येक पॅटर्न आखूड येऊ लागला. पडताळणीसाठी पॅटर्नवर छापलेली दहा सेंटीमीटरची रेघ टेपवर साडेनऊसुद्धा भरेना.

"शनिवारपर्यंत वाट बघतो," दादा म्हणाला. "नाहीतर कटिंग बाहेर देऊ. तू काज-बटण बघ."

काज-बटण! तिच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या हातानं उभी हयात कात्री चालवली, त्या हातानं आता बटणं टाचत बसायचं?

तिनं त्या प्रणालीच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न टाकला. वर मोठ्या अक्षरांत 'नवशिक्यांचं स्वागत आहे' असं लिहिलं होतं. स्वागत सात मिनिटांत झालं. 'पहारेकरी' नावाच्या व्यवस्थापकानं प्रश्नाला कुलूप ठोकलं, म्हणजे कुणाला उत्तरच देता येऊ नये, आणि खाली लिहिलं, "हा प्रश्न आधीच सुटलाय. विचारण्याआधी शोधत जा." सोबत जुन्या चर्चेचा दुवा.

सहा वर्षांपूर्वी 'उंदीरमामा' नावाच्या कुणाचं अगदी हेच दुखणं होतं. त्याला तीन पानं भरून सल्ले मिळाले होते. धाकटीनं एकूण एक सल्ला करून पाहिला, कागदांचा ढीग पडला, रेघ आखूडच. शेवटी उंदीरमामानं लिहिलं होतं, "जमलं. आभारी आहे." आणि स्वारी पसार!

"अरे मेल्या, कसं जमलं?" ती पडद्यावर ओरडली. माप घेता घेता दादानं दचकून मागे पाहिलं.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा कुलूप, आणि वर तंबी: तिसऱ्यांदा विचाराल तर मंचाबाहेर काढू. इथं बहुतेक नवशिके मुकाट्यानं काढता पाय घेतात. हिनं पदर खोचला.

"मी कापड कापते," तिनं तिसऱ्यांदा लिहिलं. "तुमची तिन्ही पानं करून पाहिली. त्यात 'जमलं' आहे, 'कसं' नाही. ज्याला हा प्रश्न सुटलेला वाटतो त्यानं उत्तर सांगावं आणि मग खुशाल कुलूप लावावं. मी हलत नाही."

तासाभरात अकरा जण धावून आले. मीही तिथंच अडकलोय, मलाही असंच हाकललं होतं, माझे नकाशे चुकतात, माझ्या कपाटाची फळी चुकली. कुलूप काही लागलं नाही. दुपारी पहारेकऱ्याचं उत्तर आलं.

"उंदीरमामा मीच. तेव्हा मी नवशिका होतो. कसं जमलं ते आता आठवत नाही. माफ करा."

धाकटीला हसू आवरेना. मग रागही आला.

"माफीचं नंतर बघू. तुमची छपाई बरोबर येते ना? मग तुमच्याकडे कुठं काय निवडलंय ते एकेक लिहून पाठवा. मी ताडून बघते."

बिचारा लिहीत गेला. नवव्या ठिकाणी गाठ सापडली. छापताना ती कागदाचं माप बरोबर निवडत होती, पण प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वेगळाच, बुटका कागद बसला होता आणि सगळं त्यात कोंबलं जात होतं. तिनं तो बदलला, पॅटर्न छापला, टेप लावला. दहा म्हणजे दहा.

दादानं दोनदा मोजून पाहिलं. "आलं की! चल ऊठ, कापड पसरलंय."

"प्रश्न सुटला म्हणून कुलूप लावू?" तिकडे पहारेकऱ्यानं विचारलं.

"खबरदार," तिनं लिहिलं, आणि पहिल्या पायरीपासून सगळं सविस्तर लिहायला बसली.

"कोण वाचणार आहे एवढं?" दादा वैतागला.

धाकटीनं शेवटची ओळ लिहिली, सेटिंगमध्ये बुटका कागद मुद्दाम परत लावला आणि उठून दादाला खुर्चीत बसवलं.

"तू वाचणार. मी लिहिलंय तसं एकेक करत जा. तुला जमलं, तर कुणालाही जमेल. तोवर मी कापायला घेते."