पेत्र पानावरून उठेना

प्रताप करमरकर शाकाहारी होता आणि आठवड्यातले साडेसहा दिवस तो हे व्रत निष्ठेने पाळत असे. उरलेला अर्धा दिवस म्हणजे शनिवारची दुपार. बायको नीता, मुलगी ऋचाला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली की प्रताप सिंगापूरच्या हौगांग भागातल्या नवव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावी, चार पावलं चालून शेजारच्या ग्वेक आंटीकडे जाई आणि चक्रफूल-दालचिनीच्या रश्श्यात मंद शिजलेलं बदक खाई. आंटी सत्तरीची, एकटी, मुलगा ऑस्ट्रेलियात. एका माणसासाठी अख्खं बदक काय शिजवायचं, असं तिला वाटे, आणि प्रताप तिची ही अडचण सहा वर्षं न चुकता दूर करत आला होता.

मग २०१४ च्या ऑगस्टात सांगलीहून चंद्रशेखरकाका आले.

वडील गेल्यावर प्रतापला या काकांनीच वाढवलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य, आणि चाळीस वर्षं हौशी नाटकं बसवलेला माणूस. प्रताप पंचेचाळिशीला आला होता, हाताखाली तीस इंजिनिअर होते, पण काकांनी नुसतं "प्रताप" म्हटलं तरी तो अजून बसल्या जागी ताठ व्हायचा.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दोघांची आंटीशी गाठ पडली. आंटीचा चेहरा खुलला. "सॅटर्डे यू नेव्हर कम, लाह! आय कीप युवर डक."

"ओळखीच्या वाटतं?" काकांनी विचारलं.

"छे हो!" प्रताप म्हणाला. "बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. वय झालंय." आणि आंटीकडे वळून, अगदी परक्यासारखं हसून म्हणाला, "राँग पर्सन, मॅडम."

सहा वर्षांत त्याने तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. आंटी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिचं एरवी सताड उघडं असणारं दार बंद राहू लागलं. प्रतापला स्वतःची लाज वाटली, पण काकांची भीती लाजेपेक्षा मोठी होती. काकांना खरं कळलं तर ते काही बोलणार नाहीत, गुपचूप बॅग भरतील, हे त्याला ठाऊक होतं.

आठवड्याने आंटीने बेल वाजवली. तिच्या चर्चच्या वर्धापनदिनाला एक छोटं नाटुकलं करायचं होतं आणि मराठी मंडळाची माणसं आणून देण्याचं प्रतापने जूनमध्येच कबूल केलं होतं. चर्चच्या पोरांना परीक्षा होत्या, माणसं कमी पडत होती. हे सगळं आंटीने दारातच उभं राहून सांगितलं, तेही प्रतापकडे न बघता.

"नाटक?" आतून काकांचा आवाज आला; तेवढा एकच शब्द त्यांच्या कानावर पडला होता. पाठोपाठ काका आले आणि आंटीच्या हातातली संहिता त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

गोष्ट बायबलमधलीच होती. पहिल्या प्रवेशात धर्मपुढारी याकोब जगभर पांगलेल्या इस्राएलाच्या बारा वंशांना पत्र धाडतो. दुसऱ्यात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे इस्राएलाबाहेरच्या लोकांच्या पंगतीला बसून मजेत जेवत असतो. तेवढ्यात याकोबाकडची कर्मठ माणसं येतात. त्यांना बघून पेत्र घाबरतो, उठतो आणि वेगळा जाऊन बसतो. मग दुसरा प्रेषित पौल त्याला चारचौघांत झापतो.

काकांचे डोळे विस्फारले. "जेवत्या पानावरून उठतो? काय भेकड माणूस आहे हा! अरे, वैऱ्याच्या घरीसुद्धा आपण पानावरून उठत नाही. पेत्राचं काम तू कर, प्रताप."

"मी कशाला?"

"भेकड माणसाचं काम सरळमार्गी माणसानेच करावं. त्यात खरी कसोटी."

झालं! दहा मिनिटांच्या नाटुकल्याच्या चौदा तालमी झाल्या. मंडळाने सहा माणसं दिली. प्रत्येकाच्या वाट्याला दोन वंश आले. वंश बदलला की उपरणं बदलायचं, अशी काकांची योजना. यहूदाच्या वंशात राजे झाले हे कळताच सहाही जणांना यहूदाच हवा झाला. नागपूरचा अभय म्हणाला, पुण्याच्या लोकांना सगळीकडे राजेपदच कसं लागतं? पुण्याच्या लोकांनी त्याला बोलूनच दाखवलं की तो पांगलेला तर आहेच, त्याला कुठलाही वंश शोभेल. शेवटी काकांनी चिठ्ठ्या टाकल्या. यहूदा नीताला लागला आणि वाद तिथेच संपला. इकडे परराष्ट्रीयांची कामं चर्चच्या वडीलधाऱ्या चिनी मंडळींनी घेतली. म्हणजे ज्यांना बायबलातलं ओ की ठो कळत नव्हतं ते झाले इस्राएल, आणि ज्यांना ते तोंडपाठ होतं ते बसले बाहेरच्यांत. पौलाचं काम खुद्द आंटीकडे होतं. कापसाची दाढी लावून ती तालमीत प्रतापला झापायची, तेव्हा तिला संहितेत बघावं लागत नसे.

काकांची एकच अट होती. रिकाम्या ताटावर जेवल्याचा अभिनय त्यांना मुळीच खपत नसे. "पानात खरं अन्न पाहिजे. काय ते तुम्ही ठरवा," असं त्यांनी आंटीला सांगून टाकलं होतं.

वर्धापनदिनाला हॉल भरला. काकांनी तिसरी घंटा वाजवली आणि धोतर सावरत, संहिता घेऊन ते विंगेत उभे राहिले. बारा वंश उपरणी बदलत दोनदा एकमेकांवर आपटले, लोक हसले, पत्र पोचलं. दुसरा प्रवेश सुरू झाला. प्रताप पंगतीच्या टेबलाशी बसला आणि समोरच्या भांड्यावरचं झाकण एका चिनी आजोबांनी उचललं.

बदक होतं. चक्रफूल, दालचिनी. महिन्याभराने.

संहितेत 'पेत्र संकोचाने घास घेतो' असं लिहिलं होतं. पण प्रतापच्या हाताने संहिता कुठे वाचली होती? त्याने सरावाने मांडीचा तुकडा निवडला, न बघताच डावीकडची मिरची-व्हिनेगरची वाटी ओढली, हाड अलगद सोडवून बाजूला ठेवलं आणि पौलाच्या दाढीकडे बघत पुटपुटला, "आंटी, आज मीठ बरोबर झालंय."

विंगेत काकांच्या हातातली संहिता खाली आली.

याकोबाकडची तीन माणसं घुसली. अभय गरजला, "पेत्रा!" आता उठायचं होतं. प्रताप अर्धवट उठला. समोर आंटी उभी होती. दाढीच्या वर तिचे डोळे तेच होते, लिफ्टमधले. ती जणू वाटच बघत होती, हा आता पुन्हा उठेल म्हणून. तो खाली बसला.

"ऊठ!" काकांनी विंगेतून आठवण केली.

प्रताप बसून राहिला.

"अरे, ऊठ! तू उठल्याशिवाय पौल बोलणार कशाला?"

"नाही उठत, काका," प्रताप मोठ्याने म्हणाला. "एकदा उठलो, तेवढं पुरे झालं. सहा वर्षं मी हिच्याकडे दर शनिवारी जेवतो. बदकच खातो. लिफ्टमध्ये मी खोटं बोललो. घोटाळा तिचा नव्हता."

मराठीतलं हे भाषण प्रेक्षकांनी हिब्रू समजून शांतपणे ऐकलं. काका रंगमंचावर आले तेव्हा टाळ्याही पडल्या, कारण असा धोतरातला म्हातारा संदेष्टाच असणार. काका टेबलाशी थांबले. त्यांनी हाडांचा तो नीटस ढीग बघितला, मग प्रतापकडे.

"खाल्लंस ते तुझं तू बघ," ते हळू म्हणाले. "पण ज्या बाईच्या हातचं सहा वर्षं जेवलास तिला ओळख दाखवली नाहीस? आणि तेही माझ्या धाकाने? मी तुला हे शिकवलं?"

प्रतापने नाही म्हणून मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

काकांनी खुर्ची ओढली आणि ते आंटीच्या शेजारी बसले. "मॅडम, आय ॲम हिज अंकल. डक आय विल नॉट ईट. प्लेन राइस इज देअर?"

आंटीने दाढी काढून टेबलावर ठेवली आणि त्यांना भात वाढला. पौलाचं झापायचं भाषण राहूनच गेलं. यहूदाचा वंश, म्हणजे नीता, आपली थाळी घेऊन पुढे आली.

"तुला माहीत होतं?" प्रतापने विचारलं.

"शनिवारी तुझ्या शर्टाला चक्रफुलाचा वास येतो," नीता म्हणाली. "सरक जरा."

मग उरलेले वंशही आले, कारण सगळ्यांनाच भूक लागली होती.

काका अजून तीन आठवडे होते. दर शनिवारी ते आंटीकडे जेवायला येत. त्यांच्यापुढे भात आणि टोफू, बाकीच्यांपुढे बदक. प्रतापला मात्र एक नियम घालून दिला होता. पाणी हवं असेल तर आधीच घेऊन बसायचं. आंटीचं शेवटचं बोट चाटून होईपर्यंत त्याने पानावरून उठायचं नाही. आणि आंटी सावकाश जेवत असे.