खांबाचा दमा

चाकणच्या देवळात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळे कणीकबाबाला बघायला आलेले. मीही हातातलं काम टाकून कशाला गेलो, देव जाणे. बाबा कणकेचा गोळा रोग्याच्या अंगावर फिरवायचा आणि फोडायचा. आत काळे केस निघायचे. झाली रोगाची मुळी बाहेर!

त्याच्यापुढे माझा शेजारी ज्योतीराम बसला होता. घोंगड्या विणणारा धट्टाकट्टा गडी, पण कोपरांच्या खाचांत जुनाट इसब आणि गेल्या हिवाळ्यापासून दमा. आत्ता तर धाप आवरत नव्हती, ओठ निळे पडत चालले होते. त्यात बाबाने त्याला कोऱ्या घोंगडीत गुंडाळलेला.

"इसबाला मलम लावलंस, म्हणून विष आत पळालं," बाबा गरजला. "आता सुई टोचाल तर काळजात शिरंल."

खेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुमनताई इंजेक्शन भरून उभ्या होत्या आणि लोक त्यांना पुढे सरकू देत नव्हते. ज्योतीरामची बायको छबूबाई नवऱ्याला घट्ट धरून बसलेली. "न्हाई बाई, सुई नगं. माझं कुकू जाईल." माणूस डोळ्यांदेखत चालला होता.

सुमनताईंनी वाद घातला नाही. गर्दीतूनच हात लांबवून बाबाच्या परातीतला न वापरलेला गोळा उचलला, शेजारच्या दगडी खांबावर फिरवला आणि छबूबाईसमोर फोडला. आत काळे केस.

"छबूबाई, खांबालाही दमा झालाय का? केस आधीच भरून आणलेत."

छबूबाईने बाबाकडे एकदाच पाहिलं. मग नवऱ्याचा दंड उघडा करून पुढे केला. "टोचा."

तेव्हा कुठे लोक बाजूला झाले. ताईंनी सुई दिली, घोंगडी दूर भिरकावली. हळूहळू छातीतली शिट्टी उतरली, ओठांवर रंग आला. मी बाप्यामाणूस, पण रडलो. बाबा तोवर पसार झाला होता.

"मलमानं इसब आत जात नाही," ताई म्हणाल्या. "ज्याला इसब असतो त्याला पुष्कळदा दमाही होतो, मोठेपणीसुद्धा. दोन्ही एकाच नाजूक प्रकृतीची दुखणी. यांना लोकरीची धूळ बाधते, कातडीला आणि छातीलाही."

"मग घोंगड्या सोडून आमी खायचं काय?" ज्योतीराम कसाबसा बोलला.

"लोकर दुसऱ्याकडून पिंजून घ्या. मलम चालू ठेवा. आणि धाप लागली की थेट दवाखान्यात या."

आता माझं ऐका. तो भामटा एकटा काय करणार होता? डॉक्टरची वाट अख्ख्या गावाने अडवली होती. माणसाचा श्वास अडकला की आधी वाट सोडा, आणि चमत्कार दिसला की दुसरा गोळा फोडून बघा.